अवघड जागेचं दुखणं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘कारण’ या शब्दाचा पिच्छा पुरवला. अमुक गोष्टीमुळे तमुक घडलं असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो, ह्यूमला त्यात कोणती अडचण दिसली, आपल्याकडच्या नैयायिकांनी अनुमान पक्कं करण्यासाठी कोणत्या अटी घातल्या, हे पाहिलं. त्यानंतर दोघातिघा श्रोत्यांनी सुचवलं, की डोंगर, धूर आणि अग्नी पुरे झाले, आता जगण्यातलं एखादं उदाहरण घ्या. सूचना रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बोलणार आहोत : ओटीपोटात आणि जननेंद्रियांत होणाऱ्या वेदना, आणि त्यांची वैद्यकीय कारणं.

विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी हळूच विचारलं, ‘सर, सभागृहात सगळ्या वयाची माणसं असतात. चालेल ना?’ आम्ही म्हटलं, दुखणंही सगळ्या वयाच्या माणसांना असतं.

एक खुलासा आधीच करू. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्या पदवीने आजवर कुणाची सर्दीसुद्धा गेलेली नाही. कोणी कोणतं औषध घ्यावं हे सांगायला आम्ही इथे उभे नाही. पण वेदनेवरून कारणाकडे जाताना माणसाची बुद्धी कुठे घसरते, हा प्रश्न आमच्या कामात येतो. आणि या दुखण्यात ती फार घसरते. रोग्याची, घरच्यांची आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही.

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात तक्रार कशाची आहे बघा. रोगाची नाही. डॉक्टर घरातलाच आहे, म्हणजे उपचाराचीही नाही. तक्रार आहे सांगण्याची. दुखणं आहे, जाणकार आहे, आणि मधला शब्द अडलाय.

तो का अडतो? लॅटिनमध्ये या भागाला ‘प्युडेंडम’ असा शब्द होता. अर्थ, ज्याची लाज बाळगावी ते. तिथल्या मुख्य मज्जातंतूला आजही त्यावरूनच ‘प्युडेंडल’ म्हणतात. संस्कृतातलं ‘गुह्य’ म्हणजे लपवण्याजोगं. शरीरशास्त्र सुरू होण्याआधीच भाषेने दोन हुकूम देऊन टाकले, लाज आणि लपव. मराठीत रोजच्या बोलण्यात तर नावच नाही. ‘खाली’, ‘तिथे’, ‘जागेवर’, ‘अंगावरून जातंय’. जी नावं आहेत ती एक तर शिव्यांत, नाही तर पाठ्यपुस्तकात. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. या गोष्टी सरळ मराठीत लिहायच्या हा त्यांचा हट्ट होता, आणि त्यापायी त्यांनी अश्लीलतेचे खटलेही सोसले. त्यालाही आता सत्तर वर्षं होऊन गेली. तरी आत्ता ‘योनी’ हा शब्द उच्चारताना आमचा आवाज एक पट्टी खाली येणार आहे, हे आम्हाला आधीच माहीत होतं.

याला कुणी नुसता सांस्कृतिक प्रश्न म्हणेल. तसा तो नाही. बारा-चौदा वर्षांचा मुलगा मध्यरात्री उठतो. एका वृषणात असह्य कळ. होतं असं, की वृषण ज्या दोरीला लटकलेलं असतं तिला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुधा वाचतं. पुढे ती शक्यता भराभर उतरत जाते. पण मुलगा आईला सांगतो, ‘पोट दुखतंय.’ उलटीही झालेली असते. आई ओवा देते, गरम पाण्याची पिशवी देते, सकाळी बघू म्हणते. त्या घरात कुणीही निष्काळजी नाही. फक्त एक शब्द चुकीचा पडला, आणि सकाळ व्हायला सहाच तास लागतात.

मुलींच्या बाबतीत याच तोडीचा धोका म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत रुजणं. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, घेरी. अविवाहित मुलगी पाळी चुकल्याचं सांगेल का? नलिका फुटून पोटात रक्त साचत असतं, आणि इकडे चौकशी चाललेली असते ती काल बाहेर काय खाल्लं याची.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, सरासरी काढली तर प्रत्येकीला ३.६. आधी कधी त्यासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आणि स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या? ५५ टक्के. ९२ आणि ५५ यांच्यामध्ये जे अंतर आहे, तिथे जरा थांबा. त्यातल्या काहींना खरोखरच त्रास जाणवत नसेल. पण काहींनी तो त्रास म्हणून मोजलाच नसेल, असं आम्हाला वाटतं. पाळी आली की दुखायचंच, बाळंतपणानंतर कंबर जायचीच, पांढरं जायचंच. जे ‘असायचंच’ त्याचं कारण कोण विचारतो?

आता शरीराकडे वळू. कमरेच्या हाडांचं एक भांडं आहे, बिनतळाचं. त्यात पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. स्त्रीच्या शरीरात या दोहोंच्या मध्ये गर्भाशय आणि बाजूंना बीजकोष. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट. तळाच्या जागी स्नायूंची झोळी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणलेली. लघवी, शौच, संभोग, प्रसूती, सगळ्यांच्या वाटा त्या झोळीतून जातात. हे सारे भाडेकरू एकाच चाळीत राहतात, आणि पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या त्यांच्या तारा जवळजवळ एकाच खांबावरून गेलेल्या आहेत. चाळीत राहिलेल्यांना ठाऊक असेल, भिंतीपलीकडे काहीतरी आपटतं, पण डावीकडच्या खोलीत की वरच्या, ते कळत नाही. मेंदूचंही तसंच होतं. बोटाला टाचणी टोचली तर मेंदू जागा अचूक सांगतो. आतल्या अवयवांच्या बाबतीत त्याचा अंदाज ढोबळ असतो. म्हणून मूत्राशयाचं दुखणं गर्भाशयाचं वाटतं, आतड्याचं दुखणं बीजकोषाचं वाटतं, आणि एकाची कुरबुर वाढली की शेजारीही कुरकुरू लागतो.

इथे पहिलं अनुमान कोसळतं : जिथे दुखतं तिथेच कारण असतं, हे अनुमान. मुतखडा घ्या. खडा अडकलेला असतो मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत. कळ सुरू होते कुशीत, आणि उतरत उतरत जांघेत जाते, पुरुषाच्या वृषणात, स्त्रीच्या योनीच्या ओठांपर्यंत. का? गर्भात वृषणांचं माहेर मूत्रपिंडाशेजारी असतं. तिथून ती खाली उतरतात, पण येताना माहेरच्या तारा बरोबर घेऊन येतात. त्यामुळे मूत्रपिंडाची बातमी वृषणात वाजते. उलटही होतं. मघाच्या मुलाची वेदना काही वेळा खरोखरच पोटात जाणवते, तो लाजत नसला तरी. म्हणून पोटदुखीच्या मुलाचे वृषण तपासायचेच, असं चांगले डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवतात. नलिका फुटलेल्या स्त्रीला तर कधी चक्क खांदा दुखतो. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं, आणि त्या पटलाचा मज्जातंतू मानेतून आलेला असतो.

याच यादीत आणखी थोडं. खुब्याचा सांधा झिजला की जांघ दुखते. पोटाच्या भिंतीतला एखादा मज्जातंतू सिझेरियनच्या व्रणात अडकला, तर वर्षानुवर्षं ‘आतलं काहीतरी’ म्हणून सोनोग्राफ्या होत राहतात. यासाठी कार्नेट नावाच्या डॉक्टरांनी १९२६ साली एक साधी युक्ती सांगितली होती. दुखरी जागा बोटाने दाबून धरायची आणि झोपलेल्या रोग्याला डोकं उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताणल्यावर दुखणं वाढलं तर कारण बहुधा भिंतीत आहे, कमी झालं तर आत. यंत्र नाही, खर्च नाही. आणि प्युडेंडल मज्जातंतू स्वतःच दाबला गेला, तर जननेंद्रियांत जळजळ होते, बसलं की वाढते, उभं राहिलं की उतरते, रात्री झोपेतून सहसा उठवत नाही. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांत हे दिसतं. अशा रोग्याला मऊ गादीच्या खुर्चीपेक्षा कमोडवर बसणं सुसह्य वाटतं, कारण मधल्या भागावर दाब येत नाही. ही खूण निदानाला उपयोगी आहे. पण डॉक्टरांसमोर ती सांगणार कोण?

सरळ, दिसणारी कारणं आपण भरभर पाहू, कारण तिथे आमच्या शास्त्राला फारसं काम नाही. गर्भाशयमुखातून वर चढलेला जंतुसंसर्ग, ज्यात क्लॅमिडिया आणि परमा हे मुख्य. तो वेळीच बरा केला नाही तर नलिका खराब होतात. आपल्या देशात जननमार्गाचा क्षय विसरून चालत नाही. तो नलिकांत मुकाट्याने बसतो, आणि पुष्कळदा मूल होत नाही म्हणून तपासणी करताना सापडतो. बीजकोषातली गाठ, आणि तिला पीळ बसला तर तातडीची शस्त्रक्रिया. पुरुषांत वृषणाला चिकटलेल्या नलिकेचा दाह, हर्निया, घट्ट अग्रत्वचा. अग्रत्वचेला वारंवार चिरा पडून बुरशी होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते, हे खूप जणांना माहीत नसतं.

आता दुसऱ्या अनुमानाकडे येऊ : जेवढा बिघाड तेवढी वेदना. हे इतकं स्वाभाविक वाटतं की कुणी तपासतही नाही. ते उलथून टाकणारा रोग म्हणजे एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर उगवतं, बीजकोषांवर, आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर ते सुजतं, आजूबाजूला दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत असह्य दुखणं, संभोगात खोलवर दुखणं, त्या दिवसांत शौचाला दुखणं, मूल न होणं, ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रजननवयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी जणींना हा रोग आहे. आणि लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला अनेकदा ४ ते १२ वर्षं जातात. चौदाव्या वर्षी सुरू झालेल्या दुखण्याला नाव मिळतं तेव्हा मुलगी नोकरीला लागलेली असते.

विचित्र भाग पुढेच आहे. पोटभर पसरलेला रोग असून काहींना काहीच दुखत नाही. आणि दुर्बिणीतून चारदोन ठिपके दिसतात, पण बाई दर महिन्याला जमिनीवर लोळते. डॉक्टर म्हणतात, ‘एवढ्याशाने इतकं दुखायला नको.’

हे ‘नको’ कुठून आलं? नैयायिकांनी याचं उत्तर फार पूर्वी दिलंय. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. त्या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणत. एन्डोमेट्रिओसिसचा ठिपका हा अग्नी धरला, तर वेदनेसाठी ओलं इंधनही हवं : तो ठिपका कुठल्या मज्जातंतूशेजारी बसलाय, किती खोल शिरलाय, दाह किती आहे, तारा किती संवेदनशील झाल्यात. फक्त ठिपके मोजून वेदना ठरवणं म्हणजे ज्वाळा बघून धुराची उंची सांगणं.

व्यवहारात याचा एक परिणाम झालाही आहे. पूर्वी दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात तो आग्रह सोडलाय. लक्षणं जुळत असतील, तर शस्त्रक्रियेची वाट न बघता हार्मोनच्या गोळ्यांनी उपचार सुरू करता येतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून रोग नाही, असंही समजायचं नाही.

तिसरं अनुमान सगळ्यांत घातक : रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे वेदना खोटी. पुरुषांपासून सुरू करू, कारण ही फक्त बायकांची गोष्ट आहे असा समज आहे. चाळिशीतला गृहस्थ. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतं, वीर्यपतनानंतर दुखतं, लघवी अडखळते. ‘प्रोस्टेटला सूज’ म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा, मग तिसरा. वास्तविक अशा जुनाट दुखण्यांपैकी बहुसंख्य रोग्यांत, सुमारे दहातल्या नऊंत, जंतू सापडतच नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या रोगाचे चार वर्ग केले, तेव्हा या सगळ्यांसाठी वेगळा वर्ग ठेवावा लागला. त्यांच्यापैकी अनेकांत दुखतो तो झोळीचा स्नायू, सतत आवळलेला. हे न कळल्यामुळे तो गृहस्थ स्टेशनाजवळच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाली जाहिरात वाचतो, आणि तिथून पुढची कथा पैशांची आहे.

मूत्राशयाचंही असं एक दुखणं आहे. भरलं की दुखतं, रिकामं झालं की थोडा वेळ बरं, दिवसातून वीस वेळा धाव, आणि लघवीच्या तपासणीत जंतू शून्य. स्त्रियांत योनीच्या मुखाशी होणारी जळजळ, तिला व्हल्व्होडिनिया म्हणतात. तीन महिने वा अधिक टिकलेली, आणि संसर्ग, त्वचारोग वगैरे ओळखता येण्याजोगं कारण नसलेली. डोळ्यांना त्वचा निरोगी दिसते. पण कापसाचा बोळा लावलेली काडी मुखाशी हलकेच टेकवली तर बाई कळवळते. काडीच्या स्पर्शाने जे कळतं, ते महागड्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

हे कसं होतं? देकार्तने वेदनेचं चित्र काढलं होतं ते दोरीचं. पायाला आग लागली, दोरी ओढली गेली, मेंदूत घंटा वाजली. या चित्रात घंटा वाजली म्हणजे कुणीतरी दोरी ओढलीच असणार. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली हे चित्र बदललं. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे, ते खालून येणारे संदेश कमीजास्त सोडतं, आणि मेंदूही वरून त्या फाटकाला हुकूम देतो. पुढे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की दुखापतीनंतर पाठीच्या कण्यातली यंत्रणाच अधिक संवेदनशील होऊन बसू शकते. सोसायटीत एखाद्या गाडीचा अलार्म असतो बघा, बॉनेटवर मांजर बसलं तरी वाजतो. चोर नाही, पण आवाज खरा आहे, शेजाऱ्यांची झोपमोडही खरी आहे. बिघाड अलार्ममध्ये आहे, आणि अलार्म हाही गाडीचाच भाग. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेसाठी वेगळी संज्ञा स्वीकारली. २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना त्यांनी हेही लिहून ठेवलं, की एखादा माणूस आपल्याला वेदना होते असं सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर राखावा.

आम्हाला यात गंमत अशी वाटते, की न्यायदर्शनाला हे नवं नाही. सुखदुःख हे ज्याचं त्याला मनाने प्रत्यक्ष कळतं. रोग्याला वेदना प्रत्यक्ष आहे, डॉक्टरांना ती शब्दातून किंवा अनुमानातून कळते. आपल्या अनुमानाने दुसऱ्याचं प्रत्यक्ष खोडायला निघणं हे कुठल्या प्रमाणशास्त्रात बसतं, ते आम्हाला सापडलेलं नाही.

आता मनाचा प्रश्न. तो टाळायचा नाही, पण जपून हाताळायचा आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, संबंध येऊ शकलेला नाही. प्रवेशाच्या वेळी स्नायूंची झोळी आवळते, जणू भिंत लागते. मुलीकडचे तिला ‘नाटकं’ म्हणतात, मुलाकडचे फसवणूक म्हणतात. याला व्हॅजिनिस्मस हे नाव अमेरिकन शल्यविशारद सिम्स यांनी १८६० च्या दशकात दिलं, आणि उपाय म्हणून सुरी हातात घेतली. डोळ्यात कचरा येताना पापणी मिटते, तेव्हा आपण पापणीवर नाटकाचा आरोप करतो का? पापणीचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो खरा, पण त्या क्षणी तो आपल्याला विचारत नाही. झोळीचंही तसंच. पूर्वी या आकुंचनाला एक रोग आणि संभोगातल्या वेदनेला दुसरा रोग मानत. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये दोन्ही एकत्र केले, कारण भीती, वेदना आणि आकुंचन यांची गाठ प्रत्यक्षात सुटी करता येत नव्हती. दुखलं म्हणून भीती, भीतीने स्नायू आवळतो, आवळल्याने आणखी दुखतं. यातलं ‘शारीरिक’ कुठे संपलं आणि ‘मानसिक’ कुठे सुरू झालं? सांख्यांनी शारीर आणि मानस दोन्ही दुःखं ‘आध्यात्मिक’ या एकाच खणात ठेवली होती. निदान या बाबतीत ती मांडणी आमच्या आजच्या ओपीडीपेक्षा शहाणी आहे.

उपाय आहेत, हेही सांगायला हवं. झोळीच्या स्नायूंसाठी खास शिकलेले फिजिओथेरपिस्ट आता आपल्या मोठ्या शहरांत मिळतात. आवळलेला स्नायू सैल करायला ते शिकवतात, बारीक आकारापासून क्रमाने वाढवत नेलेल्या साधनांनी सराव करून घेतात. एक इशारा : नेटवर वाचून ‘केगल’ सुरू करू नये. तो व्यायाम ढिल्या स्नायूंसाठी आहे. आधीच आवळलेल्या स्नायूंना त्याने अपायच होतो. भीतीवर समुपदेशन असतं. कधी डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत देतात. घरी आल्यावर मुलगी नेटवर बघते, ‘डिप्रेशनवरील औषध’. झालं. ‘म्हणजे त्यांना मी वेडी वाटले’ म्हणून गोळ्या कचऱ्यात. ही गोळी मज्जातंतूंचा गोंगाट कमी करते म्हणून दिली आहे, एवढं एक वाक्य डॉक्टरांनी बोलायला हवं होतं. अर्थात प्रत्येक गोळी चालतेच असं नाही. गॅबापेन्टिन हे असंच खूप वापरलं जाणारं औषध. ब्रिटनमध्ये ओटीपोट सतत दुखणाऱ्या, पण दुर्बिणीत काही न सापडलेल्या ३०६ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आला : नकली गोळीपेक्षा अधिक गुण नाही, दुष्परिणाम मात्र जास्त. अशा चाचण्या होतात, म्हणून हे शास्त्र.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : ‘कोणत्या दुखण्याला थांबू नये?’

वृषणाची अचानक कळ, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ किंवा घेरी, तापासह दुखणं, या तीन गोष्टींत रात्र काढायची नाही. घोड्यावर बसल्यावर जो भाग खोगिराला टेकतो तो बधिर झाला आणि लघवी अडली, तर तेही ताबडतोब. तिथे पाठीच्या मणक्यात मज्जातंतू दाबले गेलेले असू शकतात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, लघवीतून रक्त, न भरणारी जखम, वृषणात न दुखणारी गाठ, यांत रात्रीची धावपळ नको, पण त्याच आठवड्यात दाखवायला हवं. शेवटच्या यादीतल्या गोष्टी पुष्कळदा दुखत नाहीत, म्हणून तर राहून जातात.

दुसरी चिठ्ठी, नाव नाही : ‘पाळी जाऊन दहा वर्षं झाली. तिथे कोरडं पडतं, आग होते, लघवीला सारखा त्रास. ह्यांना जवळ येऊ देववत नाही, ते रागावतात. या वयात हे डॉक्टरांना कसं सांगू?’

ताई, हे फार स्त्रियांना होतं, आणि याचा उपाय सोपा आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, त्याने योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं. अंगातून गरम वाफा येतात त्या काही वर्षांत आपोआप कमी होतात. हे मात्र उपचाराशिवाय तसंच राहतं, बहुधा वाढतं. त्यासाठी ओलावा देणारी मलमं आहेत, आणि तेवढ्याच जागी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. डॉक्टर एकदा बघतील, कारण पांढरे चट्टे आणि खाज असेल तर तो लायकेन नावाचा त्वचारोगही असू शकतो, आणि त्याचं मलम वेगळं. तपासणीच्या वेळी बरोबर एक बाई असू द्या असं म्हणायचा, दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आणि कसं सांगू म्हणता, तर ही चिठ्ठी कार्यक्रमानंतर टेबलावरून परत घेऊन जा आणि आहे तशी त्यांच्या हातात द्या. कुठे, कधीपासून, काय होतं, सगळं तिच्यात आलंय. फक्त मागच्या बाजूला चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहा, आणि स्तनाच्या कॅन्सरचे उपचार कधी झाले असतील तर तेही.